पाडा, मोहल्ला आणि नकाशा

मुंबईत मदनपुऱ्यात किंवा जोगेश्वरीत पहाटे नळाला पाणी येतं, तेव्हा ते कुठून आलं हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मुंबईच्या पाण्याचा एक हिस्सा पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातून येतो. तिथे कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेने बांधलेलं मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच असलेलं हे धरण २०१४ पासून मुंबईला पाणी देतं. फोनवरचा नकाशा उघडून मोखाडा शोधा. धरण लगेच सापडेल, जलाशयाचा निळा रंग दिसेल. आता त्याच नकाशावर आजूबाजूचे आदिवासी पाडे शोधा. मोठी गावं दिसतील, पण कितीतरी पाड्यांच्या जागी नुसता हिरवा रंग असेल. त्या हिरव्या रंगात माणसं राहतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव साजरा करत होता त्याच दिवसांत, मोखाड्यातल्या बोटोशी गावाच्या एका पाड्यावर एका बाईची वेळेआधी प्रसूती झाली. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. जुळी बाळं दगावली आणि आईला डोलीतून उतारावरून खाली आणावं लागलं. बातमी राज्यभर गाजली. चार दिवस सगळे बोलले, नंतर विसरले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात पार्सल कुणाच्या दारात किती मिनिटांत पोहोचेल याचा हिशेब रोज होतो आणि त्यासाठी प्रत्येक गल्लीचा, प्रत्येक वळणाचा नकाशा तयार असतो. जे तंत्र पिझ्झा वेळेत पोहोचवतं, तेच तंत्र अँब्युलन्स कुठपर्यंत पोहोचत नाही हेही दाखवू शकतं. त्याचं नाव भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस. आपल्या समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे तंत्र शिकावं, आणि ते फक्त नोकरीसाठी न शिकता नकाशावर नसलेल्या माणसांसाठी वापरावं, असं माझं मत आहे. या लेखात तेच मांडतो आहे.

जीआयएस म्हणजे काय

एक साधा तक्ता घ्या. एका रकान्यात विहिरीचं नाव, दुसऱ्यात खोली, तिसऱ्यात ती कोणत्या महिन्यात आटते. असे तक्ते आपण एक्सेलमध्ये रोज करतो. त्यात आणखी दोन रकाने जोडा, अक्षांश आणि रेखांश. आता प्रत्येक ओळीला पृथ्वीवरची एक जागा मिळाली. तक्त्यातली माहिती जागेशी बांधली की तिला स्थानिक डेटा म्हणतात. अशी माहिती साठवणं, एकमेकींशी ताडून पाहणं, तिला प्रश्न विचारणं आणि उत्तर नकाशावर दाखवणं, हे जीआयएसचं काम.

नकाशावरच्या वस्तू बहुतेक तीन प्रकारांत बसतात. विहीर, शाळा, अंगणवाडी हे बिंदू. रस्ता, पायवाट, ओहोळ या रेषा. गावाची हद्द, जलाशय, शेताचा तुकडा ही क्षेत्रं. चौथा प्रकार उपग्रहाच्या चित्राचा. त्यात जमीन लहान लहान चौकटींत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा असतो. तो आकडा उंचीचा असेल, हिरवाईचा असेल किंवा पावसाचा.

यातला प्रत्येक प्रकार हा एक थर असतो. काचेच्या पारदर्शक तुकड्यांवर वेगवेगळी चित्रं काढून ती एकावर एक ठेवावीत, तसं. एका थरावर पाडे, दुसऱ्यावर विहिरी, तिसऱ्यावर डोंगराचा उतार, चौथ्यावर आरोग्य केंद्रं. थर एकत्र ठेवले की एकेका तक्त्यात न दिसणारी गोष्ट दिसू लागते. मे महिन्यात पाणी असलेल्या विहिरीपासून एक किलोमीटरपेक्षा लांब असलेले पाडे कोणते? यादी चाळून याचं उत्तर सापडत नाही. नकाशाला विचारलं तर काही सेकंदांत मिळतं.

अकराव्या शतकात अल-बिरूनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची आणि तिथून दिसणाऱ्या क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली होती. ११५४ साली अल-इद्रीसीने सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचा नकाशा पूर्ण केला. तो नकाशा करताना प्रवाशांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून, त्यांच्या उत्तरांचा मेळ बसतो का हे पाहिलं जात असे. या नावांवर छाती फुगवणारी भाषणं आपण खूप ऐकली आहेत. त्यांची पद्धत मात्र आपण उचलली नाही. नीट मोजायचं, आणि जो त्या वाटेने गेला आहे त्याला विचारायचं, ही ती पद्धत. जव्हार-मोखाड्यात आज तिचीच गरज आहे.

सरासरीत कोण हरवतं

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी. वारली, कोकणा, क ठाकूर, म ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालमृत्यू झाले, तेव्हा हा भाग देशभर बातमीत आला. त्यानंतर योजना आल्या, कार्यालयं आली, आकडेवारीही आली.

आकडेवारीतली अडचण तिच्या एककात आहे. जनगणना मोजते महसुली गाव. या भागात महसुली गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एका गावात पाच, सात, दहा पाडे असतात आणि ते डोंगराच्या दोन्ही अंगांना, कधी दोन-तीन किलोमीटर अंतरावर विखुरलेले असतात. गावात शाळा आहे, नळयोजना आहे, पक्का रस्ता आहे असं कागद म्हणतो आणि ते खोटं नसतं. शाळा गावठाणात आहे, रस्ता गावठाणापर्यंत आहे. टोकाचा पाडा त्याच गावात मोजला जातो आणि कागदावर त्यालाही रस्ता मिळालेला असतो.

हे आपल्यालाही घडलेलं आहे. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यानंतर केंद्राने २००८-०९ मध्ये अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू केला. देशातले ९० जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा होते. एकक होतं जिल्हा. पैसा जिल्ह्यात गेला, इमारती जिल्ह्यात उभ्या राहिल्या, पण त्या मुस्लीम वस्तीत किंवा वस्तीजवळच असतील याची खात्री नव्हती. जिल्ह्याच्या कागदावर काम पूर्ण, मोहल्ल्यात मात्र गटार तसंच तुंबलेलं. यावर खूप टीका झाली आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत एकक बदललं. जिल्ह्यांऐवजी ७१० तालुका-गट आणि काही शहरं निवडली गेली. तरी मोहल्ला त्याहून लहानच राहिला.

मोजण्याचं एकक कोणतं निवडलं यावरून कोण दिसणार आणि कोण लपणार हे ठरतं. जिल्ह्याच्या सरासरीत मोहल्ला लपतो, गावाच्या सरासरीत पाडा लपतो. ज्याला हे मोहल्ल्याच्या अनुभवातून कळलं आहे, त्याला पाड्याचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच हे काम आपण हाती घेऊ शकतो असं मला वाटतं.

पाचशे मीटरचं वर्तुळ

नकाशाने प्रत्यक्षात काय बदलतं ते एका उदाहरणातून पाहू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता महसुली गावाला नव्हे, वस्तीला द्यायचा आहे. मैदानी भागात ५०० लोकसंख्येची अट आहे, पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात ती २५० वर आणली आहे. नियम बरा आहे. पण ८० ते १२० माणसांचा पाडा त्यातून सरळ बाहेर पडतो.

याच नियमात आणखी एक तरतूद आहे. पाचशे मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. समजा एका डोंगरउतारावर तीन पाडे आहेत. एकात ९० माणसं, दुसऱ्यात ११०, तिसऱ्यात ८०. वेगवेगळे मोजले तर तिघेही अपात्र. तिघे एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आत आहेत हे दाखवता आलं, तर लोकसंख्या होते २८० आणि ते पात्र ठरतात. दाखवायचं कसं? प्रत्येक पाड्याचा बिंदू घ्यायचा आणि त्याभोवती पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. जीआयएसमध्ये याला बफर म्हणतात आणि तो दोन-तीन क्लिकमध्ये तयार होतो. एका बफरने लगेच रस्ता होत नाही, पण ग्रामसभेच्या ठरावाला असा नकाशा जोडला की ‘तुमची वस्ती नियमात बसत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवता येत नाही. उत्तर लेखी द्यावं लागतं.

कातकरींसाठी अट आणखी सैल आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या वस्त्यांना शंभर लोकसंख्येवरही रस्ता देता येतो आणि महाराष्ट्रात कातकरी त्या समूहांपैकी एक आहेत. पण त्यासाठी कातकरींची वस्ती नेमकी कुठे आहे हे कुणीतरी नोंदवलेलं असलं पाहिजे. मोठ्या पाड्याच्या कडेला असलेली दहा-पंधरा घरं बहुतेकदा त्या पाड्याच्या नावावरच खपून जातात.

इथे एक सावधगिरी हवी. नकाशावरचं सरळ अंतर आणि पायाचं अंतर यांत फरक असतो. फोन म्हणतो आरोग्य केंद्र चार किलोमीटर. पण मध्ये दरी आहे, पावसाळ्यात ओहोळ भरला की वाट बंद होते आणि फेरा मारून नऊ किलोमीटर जावं लागतं. म्हणून नुसतं वर्तुळ काढून थांबायचं नाही. डोंगराची उंची सांगणारा डेटा मोफत मिळतो. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीचा ३० मीटरच्या चौकटींचा संच कुणालाही उतरवून घेता येतो. त्यातून उतार काढायचा, पायवाटा जीपीएसने चालून नोंदवायच्या आणि कोणती वाट कोणत्या महिन्यात बंद असते हे पाड्यातल्या लोकांना विचारून लिहायचं. ही शेवटची गोष्ट कोणताच उपग्रह सांगत नाही. आशाताईला विचारलं तर ती एका दमात सांगेल.

धो धो पाऊस, कोरडी विहीर

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या कितीतरी पट. तरी फेब्रुवारी-मार्चपासून बायका हंडे घेऊन दरीत उतरतात आणि टँकरची वाट पाहिली जाते. कारण भूगोलात आहे. खाली काळा बेसाल्ट खडक आहे, त्यात पाणी मुरायला जागा कमी. वर तीव्र उतार आणि पातळ माती. पाऊस चार महिन्यांत पडतो आणि ओहोळांतून वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांत वाहून जातो. मोठं धरण बांधून ते पाणी शंभरहून जास्त किलोमीटरवरच्या शहरापर्यंत नेता आलं. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरावर असलेल्या पाड्याला ते मिळत नाही, कारण पाणी आपोआप वर चढत नाही.

इथे नकाशाचा उपयोग अगदी सरळ आहे. विहिरी आणि झरे यांचे बिंदू, प्रत्येकापुढे ते आटण्याचा महिना, त्याखाली उताराचा आणि ओहोळांचा थर. कोणता झरा मे महिन्यातही टिकतो ते कळलं की त्याच्या वरच्या उतारावर पाणी अडवायचं काम कुठे करायचं हे ठरवता येतं. रोजगार हमीतून बंधारा घ्यायचाच आहे, तर तो कंत्राटदाराला सोयीच्या जागी न घेता पाणी थांबेल तिथे घ्यावा, असं ग्रामसभेला पुराव्यासह म्हणता येतं. टँकरचंही तसंच. टँकर मंजूर होतो गावाला, पोहोचतो रस्ता संपतो तिथपर्यंत. तिथून पुढे हंडा डोक्यावर किती चालतो, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

नकाशा कुणाच्या हातात

तंत्रज्ञानाचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू लपवू नये. मुसलमानांना तर ती वेगळी सांगायला नको. ज्या नकाशाने वस्तीत शाळा येते, त्याच नकाशावर वस्तीला ‘संवेदनशील’ असा शिक्काही बसतो. अतिक्रमणांची यादीही नकाशावरूनच निघते.

आदिवासींनी हे वनहक्कांच्या बाबतीत भोगलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्याला हक्क मिळायचा आहे. मग त्या वेळचं उपग्रहचित्र काढून ‘इथे तर शेती दिसत नाही’ असं म्हणत दावे नाकारायची पद्धत पडली. आता तांत्रिक बाजू पाहा. त्या काळात सहज मिळणाऱ्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक चौकट ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून एकच रंग. उतारावरचा नागली-वरईचा लहान तुकडा, मध्ये दोन-चार झाडं, एखाद्या वर्षी पडीक ठेवलेला. तो अशा चित्रात ओळखू येईलच असं नाही. चित्रात न दिसणं म्हणजे जमिनीवर नसणं नव्हे. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही. हे वाक्य माहीत असलेला आणि चौकटीचा हिशेब मांडता येणारा एक तरुण दावेदाराच्या बाजूला बसला, तर सुनावणीत फरक पडतो.

म्हणून नकाशा करणाऱ्यांनी काही बंधनं स्वतःवर घालून घ्यावीत. नकाशा ग्रामसभेचा, आपला नाही. काय नोंदवायचं आणि काय नाही हे पाड्याने ठरवायचं. रस्ता, विहीर, शाळा सर्वांसाठी खुल्या नकाशावर टाकायला हरकत नाही. कोणत्या घरात कुपोषित मूल आहे, कोणती बाई एकटी राहते, कुणाच्या दाव्यावर वाद आहे, हे कधीही खुल्या नकाशावर जाता कामा नये. मोहल्ल्यातही हाच नियम पाळा. घराघराची धर्म-जातीची यादी जागेसह बनवून ठेवणं हे किती धोक्याचं आहे हे दंगली पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणखी एक स्पष्ट बोलतो. दाढी असलेला किंवा हिजाब घातलेला अनोळखी तरुण जंगलभागात फोन घेऊन मोजणी करत फिरला तर संशय येऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकांना नकाशे बनवायला पूर्वपरवानगी लागत नाही, ठरावीक संवेदनशील ठिकाणं सोडून. कायदा आपल्या बाजूने आहे. तरी एकट्याने जाऊ नका. ग्रामसभेचं पत्र घ्या, पाड्यातली दोन माणसं बरोबर घ्या. जव्हार-मोखाडा परिसरात वयम् चळवळ आणि कष्टकरी संघटना यांनी वनहक्क आणि ग्रामसभांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. तिथे जाऊन नवा झेंडा लावायची गरज नाही. त्यांना विचारा की नकाशाचं कोणतं काम अडलं आहे, आणि ते करा.

सुरुवात कशी करायची

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आहे. त्यात पाड्याचं नाव तुम्ही स्वतः देवनागरीत भरू शकता. इस्रोचं भुवन संकेतस्थळ भारताची उपग्रहचित्रं दाखवतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटरच्या चौकटींची चित्रं २०१५ पासून मोफत आहेत. ग्रामसडक योजनेचा वस्त्या आणि रस्त्यांचा डेटाही २०२२ मध्ये खुला झाला आहे. तो आपल्या माहितीशी ताडून पाहणं हेच एक मोठं काम आहे.

नवशिक्यांच्या चार चुका आधीच सांगून ठेवतो.

पहिली, अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. जव्हार साधारण १९.९ अक्षांश आणि ७३.२ रेखांशावर आहे. आकडे उलटे भरले तर जव्हारची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडते.

दुसरी, आकडे तोडणं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. दशांशानंतर दोनच आकडे लिहिले तर जागा किलोमीटरभर सरकू शकते. चार आकडे लिहिले तर ती दहा-अकरा मीटरच्या आत येते. किमान पाच लिहा.

तिसरी, जुने नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराचं वेगळं गणित धरून काढलेले आहेत. ते फोनच्या जीपीएसवर तसेच ठेवले तर शंभरेक मीटर इकडेतिकडे होतात. डोंगरात शंभर मीटर म्हणजे ओहोळाचा अलीकडचा आणि पलीकडचा काठ.

चौथी, नावं आणि हद्दी. डोंगरपाडा, पाटीलपाडा ही नावं अनेक गावांत सापडतील, म्हणून नावाबरोबर गावाचा सांकेतिक क्रमांक लिहा. आणि लक्षात ठेवा, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा ठाणे जिल्ह्यात आहेत. तिथे पालघर शोधाल तर फक्त एक तालुका सापडेल.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. एका रविवारी आपलाच मोहल्ला चालून नोंदवा. सार्वजनिक शौचालयं, चालू असलेले नळ, बंद पथदिवे, दवाखाना, ग्रंथालय, मुलींना संध्याकाळी जायला नको वाटणाऱ्या गल्ल्या. बहिणींना बरोबर घ्या, कारण शेवटची यादी मुलगे बरोबर करू शकणार नाहीत. तो नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. एवढं जमलं की तुम्हाला जीआयएस येतं असं समजा.

आपलाच प्रश्न सुटला नाही, मग जव्हार कशाला?

हा प्रश्न मला मित्र विचारतात आणि तो चुकीचा नाही. भिवंडी, मुंब्रा, गोवंडी, मालेगाव, सगळीकडे कामं पडून आहेत. माझं उत्तर असं. आपण फक्त आपल्यापुरतं मागितलं तर ती एका समाजाची तक्रार ठरते आणि ऐकणारा सोयीने कान बंद करतो. सर्वात लहान वस्तीपर्यंत मोजा, हीच मागणी पाड्याची, मोहल्ल्याची, पारधी तांड्याची आणि दलित वस्तीची मिळून पुढे आली, तर ती नागरिकांची मागणी होते. नागरिक म्हणून उभं राहायचं असेल तर दुसऱ्याच्या हक्कासाठी उभं राहून दाखवावं लागतं.

दुसरं उत्तर पाण्याचं आहे. शेजाऱ्याचा हक काय असतो हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. ज्याच्या डोंगरावरचं पाणी आपण वजूला वापरतो, तो शेजारी नाही तर कोण?

नकाशा काढला की रस्ता होतो, असा दावा मी करत नाही. रस्ता पैशाने होतो, राजकीय इच्छेने होतो, लोकांच्या रेट्याने होतो. नकाशा फक्त ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर बंद करतो. बोटोशीसारखी घटना पुन्हा घडली, तर त्या पाड्याचं नाव, त्याची लोकसंख्या, जवळच्या डांबरी रस्त्यापासूनचं अंतर आणि रस्त्यासाठी दिलेल्या अर्जाची तारीख आधीपासून नोंदलेली असावी. त्यापेक्षा ती नोंद वेळेत कामी यावी आणि तशी बातमी पुन्हा वाचायला लागू नये.

तुमच्याकडे लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे, मराठी येतं आणि एक सुट्टीचा दिवस आहे. मध्य वैतरणा धरण नकाशावर आहेच. त्याच्या वरच्या पाड्यांची नावं, तिथल्या लोकांना विचारून, नीट शुद्धलेखनात भरायला सुरुवात करू या.